एक्याण्णव टक्के बरे

"हिला लोखंड म्हणायचं ते केवळ माणुसकी म्हणून," कॉटखालून आवाज आला. "नुसता रंग उभा आहे. वर कोणी निजलं की रंगच वाकणार. आणि हुकूम काय, तर मिस्त्री, चकाचक करा! चकाचक करायला आधी खाली काहीतरी असावं लागतं ना?"

मिस्त्रींचे फक्त पाय बाहेर होते, तेही वहिनीच्या गुडघ्याला टेकलेले. ती त्याच कॉटचे गज ब्लीचच्या पाण्याने पुसत होती. मिस्त्री रोज कुरकुरत आणि रोज काम करत. त्यांची कुरकुर थांबली तरच काळजी करायची, असा शेडमधला शिरस्ता होता.

"पाय घ्या तिकडे," वहिनी म्हणाली. "आणि बोलता बोलता नट घट्ट करा, सैल नका करू."

शेड म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. टायर जाऊन अकरा वर्षं झाली तरी ऊन चढलं की पत्र्याखाली रबराचा वास उठायचाच. इथून आसपासच्या गरीब वस्त्यांना आजारपणाचं सामान उसनं दिलं जाई. दांडा फिरवला की पाठ वर करणाऱ्या कॉट, हवेच्या गाद्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. भाडं नाही, अनामत नाही. लागेल तोवर वापरा, मग आणून द्या. संस्था ताईंनी काढलेली. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, त्यामुळे त्यांच्या धाकट्या भावाची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. मिस्त्रींची, टेम्पोवाल्याची, शेडच्या मालकाची, दारात वॉकर मागायला आलेल्या म्हाताऱ्याचीसुद्धा. ताई स्वतः खुशीत असल्या की तिला 'अगं' म्हणत आणि बिनसलं की चारचौघांत 'आमच्या भावाची बायको' म्हणत. गेले दोन महिने वहिनी एकदाही 'अगं' झाली नव्हती.

बिनसायला कारण होतं. जुना निधी संपला होता. मालकाने शेड महिनाअखेर रिकामी करा असं सांगितलं होतं, आणि तेही हसत हसत, म्हणजे तो गंभीर होता. आता सगळी भिस्त एका मोठ्या निधीसंस्थेवर. तीन वर्षांसाठी त्यांनी हात दिला तर शेड राहणार; नाही दिला तर कुलूप. आणि वहिनीच्या वहीत कॉटसाठी थांबलेली चौदा घरं होती. ती चौदा घरं तिला पाठ होती, जशी दुसऱ्या बायकांना आपली देण्याघेण्यातली माहेरची माणसं पाठ असतात.

दारात ताईंची चप्पल वाजली. मागोमाग सल्लागार. हा गृहस्थ संस्थांना निधीचे अर्ज लिहून द्यायचा. दिसायला सज्जन, बोलायला गोड, आणि प्रत्येक वाक्यात 'परिणाम' हा शब्द घातल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नसे.

"अर्ज पहिल्या चाळणीतून पार!" तो म्हणाला. "गुरुवारी पाहणी. आणि का पार झाला माहितीये? परिणामांमुळे. ऐका हं." त्याने कागद समोर धरला. "'संस्थेकडे परत आलेल्या वस्तूंपैकी एक्याण्णव टक्के वस्तू लाभार्थी पूर्ण बरा झाल्यामुळे परत आल्या आहेत.' एक्याण्णव! वहिनी, मोठ्या इस्पितळांना जमत नाही हे."

वहिनीचा फडका गजावर थांबला. कॉटखालची कुरकुरही थांबली.

"एक्याण्णव कुठून आणलेत?" तिने विचारलं.

"तुमच्याच चिठ्ठ्यांमधून. अकरा वर्षांच्या. मी एकेक मोजली."

"चिठ्ठ्या मोजल्यात. आणि माणसं?"

"माणसांच्याच नावाच्या चिठ्ठ्या आहेत ना त्या?"

"अहो, पण ते तर सगळे..." खालून मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री!" ताई म्हणाल्या. "दांडा सरकतोय का बघा."

डोकं पुन्हा आत गेलं.

आता त्या चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. वस्तू परत आली की एक चिठ्ठी भरायची. परत का आली, यासाठी तिच्यावर तीन चौकोन: बरे झाले, स्वतःची घेतली, मोडली. छापखान्याने कच्चा कागद आणला तेव्हा चौथाही एक चौकोन होता. तो ताईंनी लाल पेनाने खोडला. त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "माणूस तिसऱ्या दिवशी हातगाडीवर कॉट घालून येतो. त्याला म्हणायचं का आपण, इथे खूण करा? मी नाही म्हणणार. इथे कोणी कोणाला काही विचारायचं नाही. खुर्ची द्या, पाणी द्या, वस्तू उतरवून घ्या." वहिनीच्या मते ताईंनी आयुष्यात केलेला हा एकमेव शहाणा नियम होता. पण चौकोन रिकामा ठेवला की ताईंचा संगणक लाल चौकट दाखवून अडून बसायचा. मग वहिनी पहिल्या चौकोनात खूण करू लागली. तो पहिला होता, एवढंच कारण. समोर माणूस पाण्याचा ग्लास हातात धरून भिंतीकडे बघत बसलेला असायचा. अशा वेळी पेन जिथे पडेल तिथे पडायचं.

तिला स्वतःला चिठ्ठीची गरजच नव्हती. वस्तू कशी परत येते त्यावरून तिला कळे. जिथे माणूस सरलेला असे, तिथून कॉट लवकर येई, सकाळी सकाळी, आणि घासून पुसून, आपल्यालाही लाजवेल इतकी स्वच्छ. गादीची घडी इस्त्री केल्यासारखी. आणणारा डोळ्याला डोळा देत नसे आणि तीनतीनदा आभार मानी. आणि जिथे माणूस बरा होई, तिथून काही म्हणजे काही परत येत नसे! बरा झालेला माणूस वॉकरवर टॉवेल वाळत घाली, कॉटवर पाहुणे निजवी आणि फोन उचलत नसे. अशांची वेगळी यादी होती, तिला वहिनी 'बुडव्यांची यादी' म्हणे. अकरा वर्षं तिने त्या यादीतल्या लोकांना फोनवर वाट्टेल ते ऐकवलं होतं.

सल्लागाराचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. नणंद-भावजय समोरासमोर राहिल्या.

"काढून टाका ते वाक्य," वहिनी म्हणाली.

"अर्ज गेला. चाळणी पार झाला. आता काढायचं म्हणजे आम्ही खोटारडे आहोत असं लिहून द्यायचं. आणि चिठ्ठ्यांवर सही कोणाची आहे? माझी नाही."

"चौकोन कोणी खोडला?"

"चौकोन खोडला म्हणजे खोटं लिही असं नव्हतं सांगितलं मी!"

"मग काय लिहायचं होतं? सांगा ना. काय लिहायचं होतं?"

ताईंनी पर्समधला चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नव्हता. त्या 'कॉट मोकळी झाली' म्हणत. 'अमक्यांची कॉट मोकळी झाली गं.' साध्या, रोजच्या आवाजात. आणि मग बराच वेळ फायली लावत बसत.

"तुला खुसपट काढायला बरं जमतं," शेवटी त्या म्हणाल्या. "शेड गेली तर तू घरी बसशील. तुझा नवरा ट्रक चालवून आणून घालतोय. मी काय सांगू त्या चौदा घरांना?"

"तुमचाच भाऊ आहे तो. किती आणून घालतो ते तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"पाहणीच्या बाईंना बरा झालेला माणूस भेटायला हवाय. गुरुवारपर्यंत एक उभा कर. एक! एक्याण्णव टक्क्यांतला एक तरी सापडेल ना आमच्या भावाच्या बायकोला?"

ताई निघून गेल्या. कॉटखालून मिस्त्री म्हणाले, "वहिनी, एक सांगू? उभा करायला सांगितलंय त्यांनी. आपल्याकडचे सगळे आडवे आहेत."

"मिस्त्री, तुम्ही पण ना, दांडाच बघा."

*

एक्याण्णव टक्क्यांत शोधून उपयोग नव्हता. वहिनीने बुडव्यांची यादी काढली आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या घरी गेली. तिसरा मजला. जिन्याची भिंत इतकी पोपडे धरलेली, की रंगारी इथे राहतो हे कोणाला खरं वाटलं नसतं. शिडीवरून पडून खुबा मोडलेला हा माणूस. दोन वर्षांपूर्वी वॉकर घेऊन गेला, तो गेलाच. गॅलरीत वॉकर दिसत होता. त्यावर तीन शर्ट आणि एक उशीचा अभ्रा.

दार त्यानेच उघडलं. ताठ उभा.

"वॉकरवाल्या बाई ना? या. पोलीस खाली थांबलेत की मागून येतायत?"

"पोलीस कशाला येतील?"

"मागच्या वेळी फोनवर म्हणालात, पोलीस आणते. मी कप धुऊन ठेवले होते त्यांच्यासाठी."

वहिनी सोफ्याच्या टोकावर बसली. इथे यायच्या आधी तिने वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही आता तोंडाशी येईना.

"तुम्ही बरे झालात," ती म्हणाली.

"झालो. चालेल ना? की त्याचीही तक्रार आहे?"

"गुरुवारी आमच्याकडे निधीसंस्थेच्या बाई येतायत. तुम्ही येऊन एवढंच सांगायचं. आजारी होतो, संस्थेने वॉकर दिला, बरा झालो."

रंगारी हसला, पण ते हसू काही बसा-चहा-घ्या असं नव्हतं. "दोन वर्षं मी चोर. 'लाज नाही का, कोणाच्या तोंडचा घास ओढता.' कोण म्हणालं होतं हे? फोन स्पीकरवर होता, बाई. मी जिन्यात होतो. तळमजल्यापर्यंत ऐकलं लोकांनी. वरची म्हातारी अजून मला बघून पिशवी दुसऱ्या हातात घेते. आणि आज मी बरा झालेला माणूस?"

"वॉकर परत दिला असतात तर..."

"का देऊ? परत पडलो तर? तुमच्याकडे रांग. माझ्यापुढे कितीतरी उभे. आमच्यासारख्याने एकदा हातातली वस्तू सोडली की ती पुन्हा हाताला लागत नाही, हे तुम्हाला मी सांगू?"

यावर वहिनीकडे उत्तर होतं, दोन वर्षं ती तेच फोनवर देत आली होती. पण त्याच्या खोलीत बसून ते देववेना. तिने फक्त पदर सारखा केला.

"येईन मी," रंगारी म्हणाला. "पण आधी माफी मागा. इथे नाही. जिन्यात. त्याच आवाजात."

ती उठली. जिन्यात आली. वरच्या मजल्यावर एक दार किलकिलं झालेलं तिला दिसलं. तिने कठडा धरला आणि ज्या आवाजात टेम्पोवाल्याला हाका मारायची त्या आवाजात म्हणाली, "हे चोर नाहीत! मी चोर म्हणाले ते चुकलं! वॉकर यांनी आमच्या परवानगीने ठेवलाय!"

शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. ते कसं आलं ते तिलाही कळलं नाही.

रंगारी दाराला टेकून ऐकत होता. त्याचा ताठा थोडा उतरला. "बरं, पण मीच का?" त्याने विचारलं. "तुमचे तर पुष्कळ लोक बरे होतात म्हणे. रस्त्यावर कालच पाटी लावलीय तुम्ही नवी. एक्याण्णव टक्के."

वहिनीने कठड्यावरचा हात काढला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "अच्छा. म्हणजे बाकीचे..."

"गुरुवारी अकराला या," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

*

गुरुवारी शेड ओळखू येत नव्हती. मिस्त्रींनी नुकत्याच दुरुस्त झालेल्या पाच कॉट ओळीने लावल्या होत्या. सल्लागाराने भिंतीवर एक मोठा कागद डकवला होता, त्यात हिरव्या रंगाची बाण असलेली रेघ वर वर जात होती. कोणती गोष्ट वर जातेय हे कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

पाहणीच्या बाई बारा वाजता आल्या. साध्या होत्या. दिलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत, सगळीकडे फिरल्या. गादीचा पंप कसा चालतो ते विचारलं, गादी हाताने दाबून बघितली, कॉटचा दांडा स्वतः फिरवला. चहाही सगळ्यांना मिळाल्यावर घेतला. ती बाई वाईट नव्हती, तीच पंचाईत होती. वाईट असती तर वहिनीला तिच्याशी खोटं वागायला जड गेलं नसतं.

"आमच्याकडे शेकडो अर्ज येतात," त्या म्हणाल्या. "बहुतेक सगळे सांगतात आम्ही इतकं वाटलं. वाटल्यावर पुढे काय झालं ते कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत."

ताई मान हलवत होत्या. मान हलवताना वहिनीकडे बघत नव्हत्या.

रंगारी एक वाजता उगवला. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. त्याने शेडमध्ये शिरून न विचारताच दोन फेऱ्या मारल्या, म्हणजे चालून दाखवलं. "आजारी होतो, संस्थेने वॉकर दिला, बरा झालो," तो म्हणाला, एका दमात, पाठांतर म्हणून दाखवावं तसं.

बाईंनी यादीत नाव शोधलं. एक पान, दुसरं पान. "पण तुम्ही तर परत न केलेल्यांमध्ये आहात. आमच्या भाषेत याला हानी म्हणतात."

"छपाईची चूक असणार," सल्लागार चटकन म्हणाला.

"चूक कसली?" रंगारी भडकला. "वॉकर माझ्याकडेच आहे. परवानगीने आहे. यांनी जिन्यात सांगितलंय. आणि हानी कोणाला म्हणता? मी समोर उभाय दोन पायांवर!"

मिस्त्रींना खोकला आला. ताईंचा चेहरा असा झाला की वहिनीला एक क्षणभर त्यांची दयाच आली. पण बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. "राहू द्या. असं थोडं इकडेतिकडे सगळीकडेच असतं. मुख्य आकडा भक्कम आहे." मग त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. "म्हणूनच आमच्या समितीने एक गोष्ट ठरवलीय. तीन वर्षांचा निधी द्यायला आम्ही तयार आहोत."

सल्लागाराने डोळे मिटले. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. ताईंनी बाईंचा हात धरला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ढोंग नव्हतं. ताई अकरा वर्षं लोकांच्या दाराशी जाऊन हात पसरत आल्या होत्या, पण स्वतःसाठी एक छत्रीही कधी नवी घेतली नव्हती त्यांनी. हे वहिनीइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच वहिनीला त्यांचा इतका राग येई.

"फक्त एक अट," बाई म्हणाल्या. "वस्तू कमी आहेत, मागणारे जास्त. तुमच्या हातून माणसं बरी होतात, तर वस्तू बऱ्या होणाऱ्यांनाच जायला हव्यात. इथून पुढे देण्याआधी एक फॉर्म भरायचा. किती दिवसांत बरं होणं अपेक्षित आहे, आणि त्याखाली घरच्या माणसाची सही. ज्यांना बरं होण्याची शक्यता नाही त्यांना दुसरीकडे पाठवायचं."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" वहिनीने विचारलं.

"अशा लोकांसाठी काम करणाऱ्या संस्था असतात."

"आम्ही सोडून इथे कोणी नाही."

"अगं," ताई म्हणाल्या. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. "बाईंचं पुरतं ऐकून तरी घे."

वहिनीच्या डोक्यात ती चौदा घरं एकामागून एक उघडत गेली. पहिलं घर, इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितलेलं. दुसरं, तेच. तिसऱ्यात एक पोर होतं, पाय मोडलेलं. ते बसलं असतं या फॉर्ममध्ये. बाकीची घरं एकेक करत बाहेरच राहत होती. आणि हे सगळं तिच्याच पेनाने केलेल्या खुणांवर उभं होतं. ज्यांना काही विचारायचं नाही म्हणून ती खूण करत आली, त्यांनाच आता दारात उभं करून विचारायचं होतं.

तेवढ्यात दारात हातगाडी आली. इस्त्रीवाली, चौदा घरांतलीच एक. वहिनीनेच तिला तीनला बोलावलं होतं. पाहणी दोनच्या आत आटपेल असा हिशेब होता, पण ती तासभर आधीच आली. तिची नेहमीची गाडी, फक्त आज इस्त्री आणि कपड्यांचे गठ्ठे नव्हते. घोंगडी अंथरून, दोरी गुंडाळून तयार.

"वहिनी, आले मी," ती म्हणाली आणि मंडळी बघून बिचकली. "थांबू का बाहेर?"

"नाही, या ना," पाहणीच्या बाई म्हणाल्या. "कोणासाठी हवीय कॉट?"

"आईसाठी. इस्पितळातून आणून सहा दिवस झाले. खाली जमिनीवर आहे. पाठीला लाल झालंय. वहिनींनी हवेची गादी पण देते म्हटलंय."

"छान. मग पहिला फॉर्म यांचाच भरू. म्हणजे तुम्हालाही कळेल कसा भरायचा तो." बाईंनी पॅड काढलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय लिहिलं. "आता सांगा, आई किती दिवसांत बरी होईल? एक महिना, तीन महिने, की सहा महिने?"

इस्त्रीवालीने बाईंकडे बघितलं. मग ताईंकडे. ताई कॉटच्या दांड्याकडे बघत होत्या. मिस्त्री आपल्या नखांकडे. सल्लागार भिंतीवरच्या हिरव्या रेघेकडे. रंगारी दाराकडे सरकला होता, पण जात नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाईंनी सौम्यपणे विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, घरी न्या."

"म्हणजे सुधारणा आहे."

इस्त्रीवाली वहिनीच्या जवळ आली आणि अगदी हळू, कानाशी म्हणाली, "किती म्हणू? तीन म्हटलं तर चालतं का? की एक म्हणू? एक म्हटलं तर लवकर देतात का?"

इस्त्रीवालीला वहिनी वर्षानुवर्षं ओळखत होती. बाजारात कोणी इस्त्रीचा एक कपडा कमी मोजला तर गाडी आडवी घालून भांडणारी. आणि ती आता परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी उत्तर विचारत होती.

"मनाला वाटेल ते सांगा," बाई म्हणाल्या. "घाबरू नका."

"एक महिना," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज मोठा, खोटा, उत्साहाचा. "महिन्यात बरी होईल ती. चालायला लागेल. लिहा तुम्ही. कॉट लगेच आणून देते परत, घासून."

बाईंनी खूण केली आणि पॅड पुढे केलं. "इथे सही."

इस्त्रीवालीने हात साडीला पुसला.

"घे गं, सही कर," ताई म्हणाल्या. "कर, म्हणजे टेम्पो लावते मी लगेच. आईला आज रात्री कॉटवर झोपव."

इस्त्रीवालीने पेन धरलं आणि वहिनीने तिच्या हातातून ते काढून घेतलं. ओढून नाही. एखाद्याच्या हातातला जड डबा घ्यावा तसं.

"आमच्या भावाची बायको," ताई म्हणाल्या, "हे बघ, आत्ता नाही. हात जोडते तुला. आत्ता नाही."

"मग कधी, ताई?"

"वहिनी, परिणामांचा विचार करा," सल्लागार म्हणाला.

"तोच करतेय." ती पाहणीच्या बाईंकडे वळली. आपण ओरडू असं तिला वाटलं होतं, पण आवाज तिचा रोजचाच होता, वहीतली नावं वाचून दाखवताना असतो तसा. "हिची आई बरी होणार नाही, बाई. मरणार आहे. हिला माहीत आहे, आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आणि तुमच्या त्या एक्याण्णव टक्क्यांतलं कोणी बरं झालेलं नाही. चारदोन सोडली तर मेली सगळी. सह्या माझ्या आहेत, खोटं मी लिहिलं. आमच्या कॉटवर मेली ती, जमिनीवर नाही. पाठीला जखम न होता मेली. कॉट आम्ही त्यासाठीच देतो."